भिंतीपलीकडचे जाते

फार पूर्वी, पिठाची गिरणी कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती तेव्हा, एका गावात एक कासारीण राहत होती. तिच्या आळीतली घरे एकमेकांना पाठ टेकून बसलेल्या बायकांसारखी होती. दोन घरांत मिळून एकच भिंत, तीही मातीची. या घरात फोडणी पडली की त्या घरात ठसका लागे. इकडचे मूल रडू लागले तर तिकडची बाई काम करता करता अंगाई म्हणे, आणि मूल गप्प होई. कुणाचा खोकला हटत नसेल तर न सांगता शेजारून काढा येई. दार न उघडताही माणसे एकमेकांच्या घरात असत.

कासारणीचा कान मोठा तिखट. भिंतीपलीकडे काय शिजते, कोण रुसले, कुणाचे कुणाशी वाजले, सारे तिला कळे. आणि कळलेले सारे तिच्या धंद्याला उपयोगी पडे. बांगडी घट्ट असली की हात दाबावा लागतो, हात दुखतो, बाई हात आखडून घेते. पण त्याच वेळी एखादी गोष्ट रंगवून सांगितली, तर बाईचे लक्ष गोष्टीत जाते आणि बांगडी सरकन मनगटावर येते. म्हणून गावातल्या बायका हात पुढे करण्याआधीच विचारत, “अक्का, आज भिंतीनं काय सांगितलं?”

तिच्या शेजारी एक साळीण राहत होती. साळी विणलेली लुगडी घेऊन दूरच्या बाजाराला गेला होता. घरी साळीण आणि तिची उपवर लेक, दोघीच. साळीण मानी बाई. कुणाकडे विस्तव मागायला गेली, तरी बदल्यात शेणी ठेवून येणारी.

रोज पहाटे दोन्ही घरांत जाती सुरू होत. कासारणीने ओवी म्हटली की भिंतीपलीकडून साळीण पुढची म्हणे. दोघींचे दळण असे सोबतीने सरे.

एकदा पहाटे कासारणीने ओवी म्हटली, पण पलीकडून पुढची आली नाही. जाते मात्र फिरत होते. कासारणीने आपला खुंटा थांबवला आणि कान दिला. भरले जाते घुमते, पोट भरलेल्या मांजरासारखे गुरगुरते. हे जाते तसे बोलत नव्हते. दगडावर दगड घासत होता, कोरडा, खरखरीत. आणि जाते थांबल्यावर भाकरी थापल्याचा आवाजही आला नाही.

दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटे तेच.

कासारणीला उमगले. साळीण रिकामे जाते फिरवत होती. क्षणभर तिचा जीव कळवळला. पण पेटारा डोक्यावर घेताना सवयीने मनात आलेच, की आज बांगड्या भरायला काय गोष्ट मिळाली आहे!

तेवढ्यात भिंतीपलीकडून लेकीचा आवाज आला. “आई, दाणा नाही तर जातं कशाला गं फिरवायचं? हात दुखतात तुझे.”

साळीण दबक्या आवाजात म्हणाली, “जातं थांबलं की आळीला कळेल. अक्काच्या कानी गेलं म्हणजे गावाच्या तोंडी गेलं. तुझी सोयरीक ठरत आलीय, बाय. बाबा येईपर्यंत कळ काढ.”

कासारीण उंबऱ्यातच उभी राहिली. आजवर तिने भिंतीतून साऱ्यांविषयी ऐकले होते. स्वतःविषयी पहिल्यांदाच ऐकले.

त्या दिवशी पहिले बोलावणे पाटलिणीचे होते. साळणीच्या लेकीची सोयरीक चालली होती ती पाटलिणीच्याच माहेरच्या गावी. पाटलिणीने हात पुढे केला आणि हळूच विचारले, “तुझ्या भिंतीला भिंत आहे त्यांची. मुलाकडच्यांनी माझ्या भावाकरवी निरोप धाडलाय, घर कसं आहे बघ म्हणून. खरं सांग, खाऊनपिऊन आहेत ना?”

गोष्ट जिभेच्या टोकावर आली होती. ती बोलली असती, तर पाटलिणीचा हात लोण्यासारखा मऊ झाला असता. आणि एका पोरीचे लग्न तिथल्या तिथे मोडले असते.

“घर ना?” कासारीण बांगडी निवडत म्हणाली. “साऱ्या आळीत पहिलं जातं त्यांचंच वाजतं, पाटलीणबाई. दोघी मायलेकी कष्टाला कधी चुकल्या नाहीत. आणि आजवर त्या घरातून कुणाविषयी वाईट शब्द माझ्या भिंतीनं ऐकला नाही.”

यात एक अक्षर खोटे नव्हते. पुढे ती काहीच बोलली नाही. गोष्ट नसल्यामुळे पाटलिणीचा हात दुखला, एक बांगडी पिचली आणि “आज तुझा हात जड पडतोय गं,” म्हणून कासारणीला बोलणेही खावे लागले.

घरी येऊन कासारणीने टोपलीभर ज्वारी काढली आणि साळणीच्या दारात गेली. म्हणाली, “वहिनी, माझ्या जात्याची टाकी गेली, दगड गुळगुळीत झालाय. पीठ नुसतं भरड पडतंय. पाथरवट येईपर्यंत माझं दळण दळून द्याल का? रीतीप्रमाणं दळणामागं तुमचा वाटा काढून घ्या. फुकट मी कुणाकडून दळून घेत नाही, आधीच सांगते.”

साळणीने मूठभर ज्वारी हातात घेऊन पाहिली. मग टोपली आत घेतली.

दुसऱ्या पहाटे भिंतीपलीकडचे जाते भरल्या आवाजात घुमले. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज आला आणि कासारणीने डोळे पुसले. पण आता तिची स्वतःची कसोटी सुरू झाली. जाते बिघडले असे सांगितल्यावर ते फिरवायचे कसे? भिंत काय एकाच बाजूची होती? रोज पहाटे ती आपल्या धडधाकट जात्यापाशी बसे, खुंट्यावर हात ठेवी, आणि साळणीची ओवी ऐकत नुसते ओठ हलवी.

पुढे साळी परतला. लुगडी चांगली खपली होती. सोयरीकही ठरली. नवरीला चुडा भरायला कासारणीलाच बोलावणे आले. भरून झाल्यावर साळीण तिच्याजवळ सरकली. डोळे भरले होते, पण ओठांवर हसू होते.

“अक्का, आता तुमचं जातं सुरू करा की.”

“अहो, पाथरवट कुठं आलाय अजून?”

“येईल कसा? त्याला कुणी बोलावलंच नाही. टोपली घेऊन आलात त्याच्या आदल्या पहाटेपर्यंत तुमचं जातं कसं लोण्यासारखं चाललं होतं. मलाही कान आहेत, अक्का.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही तरी कुठं बोललात?”

दुसऱ्या पहाटे कासारणीच्या जात्याने पुन्हा तोंड उघडले. तिने ओवी म्हटली, आणि भिंतीपलीकडून पुढची आली.

त्यानंतरही बायका विचारत, “अक्का, भिंतीनं काय सांगितलं?” कासारीण शेजारणीची एखादी ओवी गाऊन दाखवी. ऐकता ऐकता बांगडी कधी चढली, ते हाताला कळतही नसे.

आता भिंती जाड झाल्या आहेत. जाती अंगणात पालथी पडली आहेत, नाहीतर त्यांत तुळशी लावल्या आहेत. पलीकडे कोण उपाशी आहे, हे कळायला आता दारच वाजवावे लागते.

तात्पर्य: शेजारचे दुःख कानावर पडणे आपल्या हाती नसते, ते ओठांवर न्यायचे की ओंजळीत घ्यायचे, एवढेच आपल्या हाती असते.