मामीनं परत केलेली दाढ

फार फार वर्षांपूर्वी, कार्तिक वद्य द्वितीयेची सकाळ होती. नदीवर दाट धुकं होतं, वारा पडलेला होता आणि उसाच्या पात्यांवरून दव टपटपत होतं.

त्या नदीकाठी गूळ करणाऱ्यांचं एक गाव होतं. गावाची एक रीत होती. हंगामातला पहिला ऊस कोयत्यानं सोलायचा नाही. ज्याचे दुधाचे दात पडून नवे आले आहेत, अशा मुलानं किंवा मुलीनं तो सगळ्यांसमोर दातांनी सोलायचा. मगच गुऱ्हाळाची चूल पेटायची. हा मान रस आटवणाऱ्या गुळव्याच्या घरचा. त्याच्या घरी तसं पोर नसेल, तर त्या वर्षी मान दुसऱ्या घरी जाई.

त्या सकाळी तो मान दुसऱ्याच घरी गेला होता. गुळव्याची मुलगी ठकू अवघी पाच वर्षांची होती. ती आईचा पदर ओढून म्हणाली, "आई, माझी पाळी कधी?"

"नवे दात आले की."

हंगाम सुरू झाला. बाप रस आटवायच्या काहिलीपाशी, आई चुलीपाशी. ठकू किरकिर करू लागली, की आई तिच्या तोंडात गुळाचा खडा घाली. खडा चघळत ठकू झोपून जाई. गप्प पोर, निवांत काम.

ठकूची आत्या हे पाहत होती. एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, झोपवण्याआधी पोरीचं तोंड तरी धूत जा. दात काळे पडायला लागलेत."

"वन्सं, दुधाचे दात ते! आज ना उद्या पडायचेच. पडक्या भिंतीला कोणी गिलावा करतं का?"

"भिंत पडेपर्यंत माणसं त्याच घरात राहतात, वहिनी," आत्या म्हणाली.

शिमगा आला आणि ठकूचा डावा गाल सुजला. भाकरी चावेना, पेजही गिळवेना. पोर वाळत चालली. शेवटी वैद्यानं चिमट्यानं तिची किडलेली दाढ उपटली.

पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचा, हे ठकूला माहीत होतं. कणगीमागच्या बिळाशी जाऊन ती म्हणाली, "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." आणि तिनं दाढ आत टाकली.

दाढ गडगडत बाहेर आली.

ठकूनं ती पुन्हा टाकली. ती पुन्हा बाहेर आली.

"मामा, घे की!"

"मामा कसला?" बिळातून एक म्हातारी उंदरीण डोकावली. "मामा गेले मांजराच्या पोटात. मी मामी. आणि किडलेला माल मी घेत नाही."

"मग मला नवी दाढ येणार नाही?" ठकू बिळाशी आणखी वाकली. "मग उसाचा मान?"

"येईल गं. पण तिला यायला अजून काही वर्षं आहेत. तोवर तिची जागा ही धरून होती. तुझी आई बाजारात जागा धरायला टोपली ठेवते ना, तशी. टोपली उचलली गेली. आता शेजारचे सरकणार."

"मग मी काय करू?"

"बाकीच्या टोपल्या सांभाळ. गूळ जेवताना खा, तोंडात घेऊन झोपू नकोस. रात्री दात घास, चूळ भर. आणि सगळे दात आपल्या वेळेला पडू देत. तेव्हा ये, मी आहेच."

ठकूनं हे सगळं आईला सांगितलं. आई खो खो हसली. "उंदरीण बोलली म्हणे! उद्या मांजर कीर्तन करेल!"

आठवड्याचा बाजार आला. आईनं नेहमीच्या जागी रिकामी टोपली ठेवली आणि ती गुळाच्या ढेपा आणायला गाडीकडे गेली. परतली तर टोपली नव्हती. एका मोकाट बैलानं ती शिंगावर घेऊन लांब फेकली होती. इकडून मिरचीवाली सरकली होती, तिकडून बांगडीवाली.

"अहो, ही माझी जागा!"

"टोपली दिसली नाही, बाई," मिरचीवाली म्हणाली. "मोकळी जागा कोण सोडतं?"

आईला गटाराच्या कडेला तिरपं बसावं लागलं. गुळावर माशा घोंगावत राहिल्या. गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे गेलं.

ती घरी आली. हातातल्या ढेपा तशाच ठेवून तिनं ठकूला दारातल्या उजेडात ओढलं, हनुवटी धरली आणि म्हणाली, "आ कर बघू."

त्या दिवसापासून ती रोज स्वतः ठकूचे दात घासू लागली. बोटानं, मिठानं, पुढे कडुनिंबाच्या मऊ काडीनं. हंगामात हात दुखले तरी, ठकूनं रडून घर डोक्यावर घेतलं तरी. घरात पाळणा हलला, तेव्हा धाकट्याच्या पहिल्या दातापासून तिनं तेच केलं. ठकूचे दात एकेक करून आपापल्या वेळी पडले. मामीनं त्यातला एकही परत केला नाही.

ठकू बारा वर्षांची झाली. कार्तिक वद्य द्वितीया होती. आकाश निरभ्र होतं, नदीवरून गार वारा येत होता. सारा गाव चुलीभोवती जमला.

ठकूनं ऊस डाव्या बाजूनं दातांत धरला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. त्या बाजूची नवी दाढ जागा न मिळाल्यानं तिरपी आली होती.

"मान जातोय वाटतं," कुणीतरी कुजबुजलं. आईनं डोळे मिटून घेतले.

ठकूनं ऊस उजवीकडे घेतला आणि दाबून चावा घेतला. साल बुडख्यापासून पेरामागून पेर सोडत सरकन निघाली. रस हनुवटीवरून ओघळला. चूल पेटली.

ठकूची एक दाढ जन्मभर तिरपी राहिली. धाकट्याची एकही तिरपी आली नाही.

पडणाऱ्या दातालाही त्याची वेळ येईपर्यंत जपावं. येणाऱ्याची जागा तोच धरून असतो.