रणदिवेसाहेबांची पिशवी

मशीन कंपनीचे रणदिवेसाहेब आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कचरा निवडणारं मशीन विकायला घेऊन आले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मशीन घेतलं की कचरा नेणाऱ्या शेवंताबाईचं काम जाणार होतं. ती आपली जिन्यापाशी उभी.

“शाश्वत विकास, कृत्रिम बुद्धिमत्ता, उद्याचं सगळं जग यात आहे,” म्हणत साहेबांनी घरून आणलेली कचऱ्याची पिशवी उघडली. शिळ्या भातात बॅटरी, चहाच्या चोथ्यात दुधाची पिशवी. “मशीन हे मिनिटात निवडतं. बाई, तुम्हाला किती वेळ लागेल?”

शेवंताबाईने आत डोकावून पिशवीला गाठ मारली आणि ती त्यांच्याच हातात दिली.

“असली पिशवी मी घेतच नाही, साहेब. ज्याची त्याच्या दाराच्या कडीला परत अडकवते. पंधरा दिवसांत बिल्डिंग शिकली. या ताईंच्या दाराला तर दोनदा अडकवली.”

मी उगाच पदर सावरला.

“आता इथं सगळे ओला-सुका वेगळा करूनच देतात. तुमचं मशीन निवडणार काय? तुमच्या घरी मात्र लागेल.”

सेक्रेटरींनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. साहेब मशीन टेम्पोत चढवून निघाले, तर शेवंताबाई फाटकापर्यंत मागे गेली. साहेब आपली पिशवी इथंच विसरले होते.