वाढत्या अंगाचा झगा

“त्या शिंपिणीकडचं कापड अंगात घातलं ना, की ऊन म्हणून लागत नाही. पण बाई, सावली मात्र…”

विहिरीवर दोघीजणी एवढंच बोलल्या. मागे कोणी उभं आहे असं दिसताच गप्प झाल्या आणि घागरी उचलून निघूनही गेल्या. मागे उभी होती बायजा.

फार मागची गोष्ट आहे ही, बाळांनो. इतकी मागची, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तिथलं ऊन भारी कडक होतं आणि दाट सावलीची झाडं दोनच. वेशीजवळ चिंच आणि चावडीपुढे कडुनिंब. दुपार झाली की सारं गाव या झाडांखाली येऊन टेके. ही जागा माझी, असं कोणी कुणाला म्हणत नसे. सावली सरकली की खाटा सरकत, तान्ह्यांच्या झोळ्या सरकत, म्हशीसुद्धा सरकत.

बायजाची लेक तानी अंगानं अगदी काडी. चैत्र लागला की पोरीचा घोळणा फुटून नाकातून रक्त येई, डोळ्यांपुढे अंधारी येई. गेल्या उन्हाळ्यात तर कांदा फोडून नाकाशी धरला तेव्हा कुठे ती शुद्धीवर आली. यंदाचा उन्हाळा पोर काढते की नाही, हा एकच घोर बायजाला लागला होता.

बायजाला लोकांचं बोलणं कान देऊन ऐकायची मोठी हौस. पण अर्धं ऐकलेलं पुरतं विचारून घ्यावं, ही सवय नव्हती. सावली मात्र काय? पडत नाही? मनात चुकचुकलं खरं. तरी तिनं तानीचा हात धरला आणि ती शिंपिणीकडे निघाली.

शिंपिणीचं खोपट गावाबाहेर, काटेरी कुंपणाच्या पलीकडे होतं. आसपास झाड नाही, झुडूप नाही. पण आत पाऊल टाकलं तर विहिरीच्या तळाशी असावा तसा गारवा.

“काय शिवायचं?” शिंपिणीनं मान वर न करता विचारलं.

“झगा. लेकीला, उन्हाळ्यासाठी.”

शिंपिणीनं आधी मांजरपाट पुढे केलं. ते जाडंभरडं होतं. मग फुलाफुलांचं एक कापड उलगडलं. बायजाला आवडलं, पण तानीचा हात तिसऱ्याच कापडावर जाऊन बसला होता. रंग धड निळा नाही, धड राखी नाही. हात ठेवावा तर माठाच्या बुडाला लावल्यासारखा गार. आणि टक लावून पाहिलं, तर आत काहीतरी हलत होतं. पानं हलावीत तसं.

“हे कुठलं हो?”

“इथलंच. तुमच्याच गावातलं.”

“आमच्या गावात असलं कोण विणतं?”

“विणत नाही कोणी,” शिंपीण म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

इथंच विचारायला हवं होतं. प्रश्न बायजाच्या ओठांवर आलाही होता. पण तानीनं ते कापड गालाला लावलं आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बायजानं प्रश्न गिळून टाकला.

नव्या कापडाला कात्री लावण्याआधी कोपऱ्याला हळदीचं बोट लावायची तिथं रीत होती. बायजानं बोट टेकवलं. हळद उमटलीच नाही. वाहत्या पाण्याला बोट लावावं, तसं झालं.

“घेर किती?”

“भरपूर ठेवा.”

“बाही?”

“पार मनगटापर्यंत. आणि असं करा, वाढत्या अंगाचा शिवा. आत चांगली दुमड ठेवा, म्हणजे पुढल्या साली उसवून मोठा करता येईल.”

सगळ्या आया म्हणतात तेच ती म्हणाली. पण शिंपिणीची कात्री थांबली.

“ताई, या कापडात दुमड ठेवू नये. आजच्या उन्हापुरतं घ्यावं.”

“अहो, कापड आहे तर. त्यात तुमचं काय जातंय?”

“माझं काहीच जात नाही,” शिंपीण सावकाश म्हणाली. “बरं. तुम्ही सांगाल तसं.”

शिलाई म्हणून तिनं पायलीभर ज्वारी मागितली. कापडाचं मोल मागितलंच नाही.

“मग ते कोण घेतं?” बायजानं विचारलं.

शिंपिणीनं दोरा दातांनी तोडला आणि झगा तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बायजानं तानीला अंगणात उभं केलं आणि जीव मुठीत धरून जमिनीकडे पाहिलं. सावली होती. चांगली काळीभोर होती. बायजानं सुस्कारा सोडला. लोकांना काय, जिभेला हाड नाही, असं ती मनाशी म्हणाली. तानी तर उन्हात नाचत होती. कपाळावर घामाचा थेंब नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही.

पण पुढच्या दिवसांत गावात काहीतरी बिनसलं. कडुनिंबाखाली म्हातारी माणसं खाट घेऊन झाडाभोवती फिरू लागली. सावली सापडेना. झाड पानांनी भरलेलं, पण ऊन त्यातून काचेतून यावं तसं सरळ खाली उतरे. कोंबड्या चोची उघड्या ठेवून भिंतीला चिकटून बसत. भर दुपारी कुत्रं भुंकेना, पान वाजेना. सारं गाव श्वास धरून बसल्यासारखं.

तानीचा झगा मात्र वाढत होता. पोटऱ्यांपर्यंतचा होता, तो घोट्यांपर्यंत आला. उसवून मोठा तर केला नाही, म्हणून बायजानं कड उलटून पाहिली. दुमड तशीच होती. उलट जास्त जाड झाली होती. आत गार, जड काहीतरी दाटून बसलं होतं.

मग एका दुपारी तिला ते दिसलं. तानी अंगणात निवांत उभी होती, पण तिची सावली हलत होती. तिच्या सावलीला फांद्या होत्या. बारीक बारीक पानं होती. आणि एका फांदीला टांगलेली झोळी संथपणे झुलत होती.

ती झोळी बायजानं ओळखली. शेजारच्या धुरपाच्या तान्ह्याची. धुरपा रोज पोराला चिंचेखाली निजवून रानात कामाला जाई.

बायजा तानीला ओढतच वेशीकडे धावली. चिंच जागेवर होती. खाली मात्र लख्ख ऊन. झोळीतलं लेकरू लालबुंद झालेलं, रडायचंही थांबलेलं. धुरपा कोरड्या पदरानं त्याला वारा घालत होती.

“बघ ना गं, काल तर इथं सावली होती,” ती म्हणाली.

बायजानं तानीच्या अंगातला झगा उतरवला, आपला पदर तिच्या डोक्यावर टाकला आणि दातांनी, नखांनी दुमड उसवायला बसली. पहिला टाका तुटला तसा काळा ओघळ जमिनीवर सांडला आणि मुंग्यांच्या रांगेसारखा चिंचेच्या बुंध्याकडे गेला. टाका टाका तुटत गेला, तसे काही ओघळ चावडीपुढच्या कडुनिंबाकडेही धावले. ऊन पाठ भाजत होतं, बोटांतून रक्त आलं, पण ती थांबली नाही. शेवटी बाह्या, घेर, गळा, सगळं तिच्या हातातून निसटलं आणि झाडाखाली काळोखी पसरली. लेकरानं टाहो फोडला. रडणं ऐकून बायजाला रडू आलं.

तानीला दोन दिवस ताप होता. पण चिंचेखाली सगळ्यांनी सरकून तिला मधली, गार जागा दिली.

“आता आलीस होय सावलीला?” धुरपानं टोमणा मारला. “इतके दिवस तुम्हा मायलेकींना ऊन गोड लागत होतं वाटतं.”

“लागत होतं,” बायजा म्हणाली. “म्हणूनच तर कळलं नाही.”

शिंपिणीचं खोपट नंतर कुणाला दिसलं नाही. दुमडीत सगळ्यात आत दाबलेली सावली मात्र परत आलीच नाही. चिंचेच्या त्या दाट सावलीत अजून एक उन्हाचा तुकडा पडतो. लहान मुलीच्या झग्याएवढा, बाह्यांसकट. तिथं कोणी झोळी बांधत नाही.

विहिरीवर पुन्हा कुजबुज निघाली, “ते कापड घालणारीची सावली जाते म्हणे…” तेव्हा बायजानं घागर खाली ठेवली.

“सावली जाते हे खरं,” ती म्हणाली. “पण घालणारीची नाही, बायांनो. शेजारणीची जाते.”

आपल्या लेकराला सावली जरूर शोधावी, पण ती कुणाच्या डोक्यावरून काढली आहे, हे आधी विचारावं.