दोन व्याही आणि त्यांचे गज

फार पूर्वी एका ओढ्याच्या दोन काठांना दोन वाड्या होत्या, एक वरची आणि एक खालची. दोन्ही वाड्यांत एकेक सुतार होता. वरच्या सुताराची लेक सगुणा खालच्या सुताराच्या घरी सून म्हणून नांदत होती. दोघे व्याही कामात वाघ होते. खोड मात्र दोघांची एकच. आपल्या मापात चूक होऊच शकत नाही, असं दोघांनाही वाटायचं.

तसं वाटायला कारणही होतं. दोघांकडे आजोबांच्या वेळचा एकेक गज होता. गज म्हणजे मोजायची लाकडी काठी, बोटाबोटावर खुणा केलेली. दोन्ही गज एकाच गुरूने कापून दिलेले. दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा पहिला मान गजाचा. वरच्या वाडीत गज राखेने आणि काथ्याने घासूनपुसून लख्ख करत आणि मग पूजत. खालच्या वाडीत त्याच्या दोन्ही टोकांना तेलात कालवलेला शेंदूर फासत. ज्याची त्याची रीत!

एके वर्षी दोन्ही वाड्यांनी मिळून ओढ्याकाठी देवीचं देऊळ बांधलं. दाराला दोन कवाडं लागणार होती. एकेका वाडीने एकेक कवाड द्यायचं ठरलं. आधी कवाडं आणि मागून त्यांच्या मापाची चौकट, अशी तिथली पद्धत होती. "उंची तीन गज," असं व्याह्यांनी एकमेकांना बजावलं आणि दोघे आपापल्या अंगणात रंधा घेऊन बसले.

कवाडं तयार झाली. देवळापुढे ती शेजारी शेजारी उभी केली, तेव्हा जमलेली माणसं खुदखुदू लागली. खालच्या वाडीचं कवाड चांगलं चार बोटं उंच भरलं होतं.

"व्याहीबुवा, आपलं ठरलं होतं तीन गज," वरचा सुतार म्हणाला. "वरची चार बोटं कुणासाठी?"

"माझे तीनच आहेत," खालचा म्हणाला. "तुमचंच कवाड उपाशी राहिलंय."

शब्दाने शब्द वाढला. बघता बघता भांडण दोघांच्या आजोबांपर्यंत पोचलं. ते बिचारे कधीच देवाघरी गेले होते, पण त्यांनाही कुणी सोडलं नाही. शेवटी खालचा सुतार हात झटकून म्हणाला, "सगुणाला बाळंतपणाला न्यायला येणार होतात ना? येऊ नका. ज्यांना धड मोजता येत नाही, त्यांच्या घरी माझी सून जायची नाही."

वरच्या सुताराचा चेहरा पडला. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी यायची, म्हणून त्याच्या बायकोने जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवायला घेतली होती. पण मान कसली खाली होतेय! "नका पाठवू," तो म्हणाला. "माझा गज मी खोटा म्हणणार नाही."

सगुणा तिथेच उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडून कवाड बुटकं होत नाही, हे सुताराच्या लेकीला कळत होतं. तिने पदराने डोळे पुसले.

"बाबा, मामंजी, माझं एवढं ऐका. देवळाची ही पायरी आपापल्या गजाने मोजा."

"दोन गज, सात बोटं," बाप म्हणाला.

"दोन गज, चार बोटं," सासरा म्हणाला.

"आता तीच पायरी पुन्हा मोजा."

या खेपेला बापाची आठ बोटं भरली. व्याही गालात हसला आणि स्वतः मोजायला वाकला. त्याची साडेतीनच भरली! एक म्हणाला गज सरकला, दुसरा म्हणाला खडूची रेघ जाड पडली.

"तुमचं माप तुमच्याशीच जुळेना," सगुणा म्हणाली, "मग एकमेकांशी कसं जुळायचं? आता दोन्ही गज एकमेकांना लावा."

हे अवघड होतं. आपला गज दुसऱ्याच्या गजाला लावायचा म्हणजे आपल्याच गजावर संशय घ्यायचा. बापाने हातातल्या गजाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. आणि त्याने गज पायरीवर आडवा ठेवला. व्याह्याला मग मागे राहता येईना.

दोन्ही गजांत बोटाहून जास्त फरक निघाला.

बापाने आपल्या गजाच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोक गुळगुळीत, गोल झालेलं होतं. "व्याहीबुवा," तो हळूच म्हणाला, "आम्ही पुजून पुजून याला झिजवलाय. चूक माझी आहे."

खालच्या सुताराने आपल्या गजाचं टोक नखाने खरवडलं. शेंदराची जाड खपली गळून पडली. तो ओशाळला. "आणि आम्ही पुजून पुजून याला वाढवलाय."

"मग खरा गज केवढा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. गुरू हयात नव्हते. कुणालाच सांगता येईना.

"खरा नसला तरी चालेल," सगुणा म्हणाली. "सारखा असला म्हणजे झालं."

मग एक वाळलेला बांबू आणला, कापला आणि उभा चिरला. एक फाक वरच्या वाडीला नवा गज म्हणून मिळाली, एक खालच्या वाडीला. दसऱ्याला त्यांना फूल वाहायचं. घासायचं नाही आणि फासायचंही नाही, असं ठरलं. खालच्या सुताराने आपलं उंच कवाड स्वतःच तासलं. दार बसलं. दोन्ही कवाडांमध्ये केसभर फट राहिलीच, पण कुणी तिची तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी सासरा स्वतः बैलगाडी जुंपून सुनेला माहेरी सोडून आला. सगुणाला मुलगी झाली. दोन्ही आजोबांनी मिळून पाळणा केला, निम्मा एकाने आणि निम्मा दुसऱ्याने. बारशाला तो टांगला, तेव्हा जरासा एका अंगाला कलला. दोघांनाही ते दिसलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि कुणीही माप काढलं नाही. पोर त्यात गाढ झोपली होती.

तात्पर्य एवढंच, की केसाइतकं अचूक मोजणं कुणालाच साधत नाही. म्हणून दुसऱ्याला चुकीचा ठरवण्याआधी आपला गज त्याच्या गजाला लावून पाहावा.