कडकनाथाची अंडी आणि महाराजांची बैठक

“काळ्या कोंबडीचं अंडं काळ्याच कोंबडीनं उबवायचं! तांबडीची ऊब लागली की रस्सा पाणचट होतो. अमावास्येपर्यंत पिल्लं दिसली नाहीत तर धुळबा, गड सोडून चालू लाग!” जांभूळगडच्या महाराजांनी हुकूम सोडला.

धुळबा महाराजांच्या कोंबड्या राखायचा. बिचारा अंड्यांची टोपली घेऊन रडवेला होऊन घरी आला. कोंबड्या होत्या कडकनाथ. तुरा काळा, पाय काळे, मांससुद्धा काळं, आणि चव अशी की महाराज वाटी चाटत! पण ही कोंबडी अंड्यांवर बसते कुठे? अंडं टाकलं की बाई उंडारायला मोकळी! म्हणून तिची अंडी उबवायच्या नादानं खुडूक झालेल्या गावरान तांबडीखाली ठेवायची. अन् नेमकी तिलाच मनाई!

“बाबा, द्या ती अंडी इकडं,” धुळब्याची लेक हौसा म्हणाली. टोपली घेऊन ती थेट दरबारात गेली.

“महाराज, जरा उठता का?”

“का गं?”

“गादीवर अंडी ठेवायचीत.”

“गादीवर? अंडी?” महाराज गरजले.

“उबवायला उबदार, मऊ पोट लागतं. जागचं हलायचं नाही, आणि कुणी जवळ आलं की अंगावर धावायचं. सगळा राजवाडा हिंडले, महाराज. शिपाई उभेच असतात, आचारी पळतच असतो. असं बसणारं तुमच्याशिवाय कुणी नाही!”

प्रधानजींनी उपरण्यात तोंड खुपसलं. महाराज मात्र हट्टी! “ठेव! आम्ही बसतो!”

बसले. प्रधानजी पंखा घेऊन आले.

“वारा नको!” हौसा ओरडली.

महाराजांनी पाठ खाजवली.

“हळू! फुटतील!”

तेवढ्यात मुदपाकखान्यातून रश्श्याचा वास आला. महाराज अर्धे उठले.

“बसा, महाराज! अंडी गारठतील!”

“मग आम्ही जेवायचं कधी?”

“दिवसातून एकदा. मूठभर दाणे, घोटभर पाणी, थोडं राखेत लोळायचं अन् परत बसायचं. असे तीन आठवडे.”

“राखेत? आम्ही?”

“नाहीतर उवा होतात!”

महाराजांचे गाल फुगले. “अरे, उठवा मला! हसलो तर अंडी फुटतील!” प्रधानजींनी त्यांना अलगद उचललं, आणि मग महाराज असे हसले, असे हसले, की पागोटं घरंगळलं!

“आणा त्या तांबडीला! पालखीतून आणा! धुळबा कुठं जात नाही. आणि पोरी, पिल्लांतली पहिली जोडी तुझी!”

तांबडी आली, गादीवर चढली, पिसं फुलवून अंड्यांवर बसली. महाराज शेजारी टेकायला गेले, तर तिनं बोटावर टोच मारली!

“अगं, हिला जरा सरकव.”

“एकदा बसली की हलवायचं नसतं, महाराज,” हौसा म्हणाली. “तुम्ही आता उंडारायला मोकळे!”