घेटुळीची परीक्षा

“आणखी काय मोजू, बुवा?”

परागने वही आपटली, तीही बुवांच्या मांडीपाशी. मठात असं कुणी करत नाही.

बुवा सुपातली वाळलेली मुळं निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी चुलीपाशी होतो. मठाचा स्वयंपाकी मी, महादबा. गेले आठ दिवस घेटुळीचा काढा माझ्याच चुलीवर उकळत होता आणि माझे बारा स्टीलचे डबे मोरीमागे रांगेने लावलेले होते. त्यांत काय साठवत होते ते सांगायला नको. ते डबे मी आता स्वयंपाकघरात परत घेणार नव्हतो. नुसता वैताग आला होता.

पराग वैद्यकीची पदवी घेऊन बुवांकडे झाडपाल्याची औषधं शिकायला आलेला. त्याला दीड वर्ष झालं होतं. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

घेटुळी आमच्याकडे बांधावर उगवते. तिच्या काढ्याने लघवी मोकळी होते, अंगावरची सूज उतरते, असं बुवांचे गुरूही सांगत. परागला ते मापून दाखवायचं होतं.

“सहा जणांना काढा दिला,” तो म्हणाला. “सकाळी दोन-दोन मोठे पेले. दुसऱ्या सहा जणांना काही दिलं नाही. सातपासून बारापर्यंत प्रत्येकाची लघवी मापली. आठ दिवस! काढा घेणाऱ्यांची सरासरी सातशे मिली. बाकीच्यांची तीनशे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“त्या सहांना काय दिलंस?”

“काढा.”

“आणि या सहांना?”

“काही नाही. म्हणूनच तर फरक दिसतो ना!”

“काहीच नाही?”

“बुवा, हे तुम्ही परत परत विचारताय.”

“हो.”

…

ओसरीवर हौसाबाई बसली होती. तिच्या पायांकडे बघवत नव्हतं. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. हृदय कमजोर झालंय म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला सूज उतरायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या तिला नको झाल्या होत्या.

“गोळीनं तोंडाला कोरड पडती, बुवा,” ती म्हणाली. “हे दादा म्हणत्यात, काढ्यावर भागंल. तुम्ही हो म्हणा, म्या आजपासनं बंद करते.”

गोळ्यांचं पाकीट तिच्या लेकाच्या खिशात होतं. परतीची एसटी एकची. बुवांनी नुसती मान हलवली असती तरी ते पाकीट आमच्या उकिरड्यात पडलं असतं.

“द्या ना परवानगी,” पराग म्हणाला. “माप समोर आहे. आणखी कशाची वाट बघायची?”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं.

“महादबा, काढ्याचं पातेलं घास. त्यात पाणी तापव. दोन मोठे पेले.”

“काय घालू त्यात?”

“काही नाही.”

मला वाटलं, त्यांचा घसा धरला असेल. पाणी तापवून दिलं. बुवा दोन्ही पेले सावकाश प्यायले. मग परागला म्हणाले, “एक डबा आण.”

“कशाला?”

“सात वाजलेत. बारापर्यंत माझीही माप.”

परागचं तोंड रागाने लाल झालं. “हा काय खेळ चाललाय? बाई ताटकळलीय तिकडे!”

“बसू दे.”

डबा शेवटी मलाच द्यावा लागला. शेवटचा धड डबा होता, लाडवांचा.

…

पाच तास! हौसाबाईला आणि तिच्या लेकाला मी भाकरी वाढली. लेक सारखा घड्याळ बघत होता. पराग अंगणात येरझारा घालत होता. बुवा मुळं निवडत होते. मधूनच उठायचे, मोरीमागे जायचे, परत येऊन बसायचे. खरं सांगतो, मलाच त्यांचा संताप यायला लागला. माणसाने काय ते एकदा सांगून टाकावं!

बारा वाजले.

“माप.”

परागने डबा मापाच्या भांड्यात ओतला. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“किती?”

परागने भांडं उजेडाकडे धरलं.

“किती रे?”

“सातशे वीस.”

“लिही.”

परागने पेन उचललं. ‘काय दिलं’ या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. मग ‘गरम पाणी’ असं लिहून त्याने वही मिटली. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

बुवा ओसरीवर गेले.

“आजची गोळी घेतलीस?”

“न्हाई,” हौसाबाई म्हणाली.

बुवांनी लेकाकडून पाकीट मागून घेतलं, एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

“डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही चुकवायची नाही. तोंडाला कोरड पडते, हे त्यांना जाऊन सांग. घरी जायच्या आधी.”

बाई हिरमुसली. मलाही वाईट वाटलं. किती आशेने आली होती ती.

…

एसटी गेल्यावर पराग उसळला.

“म्हणजे घेटुळीत काहीच नाही?”

“असं मी म्हणालो?”

“मग आहे?”

“असंही नाही म्हणालो.”

“मग म्हणायचंय तरी काय तुम्हाला?” त्याचा आवाज चिरकला. “चाळीस वर्षं तुम्ही हाच काढा देताय. तुमचे गुरू देत होते. लोकांच्या सुजा उतरल्या, मी डोळ्यांनी पाहिलंय! ते सगळं काय होतं?”

बुवांनी सूप पुढ्यात ओढलं.

“बोला ना, बुवा! गुण आहे की नाही तिच्यात?”

बुवांनी सुपातलं एक मूळ उचललं आणि परत खाली ठेवलं. इतकं दमलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“चाळीस वर्षं,” ते म्हणाले, “मीही गरम पाण्यातूनच देतोय.”