पुंजक्याचं वजन

"तो पुंजका तोला! आठ दिवसांत!" प्रचंडराव महाराजांनी गर्जना करून दरबाराच्या छताकडे बोट दाखवलं. छताच्या वर आकाश असतं, हे दरबाराने आपलं आपण समजून घेतलं.

सगळा घोळ व्याह्यांचा, म्हणजे शेजारच्या राजाचा. युवराजांच्या लग्नात त्यांनी लेकीला आंदण काय द्यावं? आकाशातला ताऱ्यांचा एक धुरकट पुंजका! वर निरोप धाडला, "आता रीतीप्रमाणे तेवढ्याच वजनाचा गूळ परत पाठवा." जमत नाही म्हणावं, तर महाराजांचं नाक कापलं जाणार!

मग हुकूम सुटला कुंभारवाड्यावर. पुंजका मावेल एवढं पारडं घडवा, नाहीतर तुमचे मडकी भाजायचे आवे मोडून तिथे हत्ती बांधू! म्हातारे कुंभार कपाळाला हात लावून बसले. येसू कुंभारणीचा मात्र जीव संतापाने नुसता जळत होता. आवाच मोडला तर घरात खायचं काय? तिने पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

"पारडं कशाला, महाराज? वजन लांबूनही कळतं. चला आमच्या आव्यावर!"

तिथे दोन ढीग पेटवलेले होते. एकातून ज्वाळा उसळत होत्या, दुसरा नुसता राखेचा ढिगारा.

"जास्त माल कशात आहे, महाराज?"

"मी काय आंधळा आहे? ज्वाळा आहेत त्यात!"

"त्यात पाच पणत्या आहेत, बाकी सगळा पेंढा. आता डोळे मिटा अन् तळहात पुढे करा."

राखेकडून अशी धग आली की महाराज दोन पावलं मागे सरले. "अबब! काय आहे गं यात?"

"साठ रांजण! झगमगाट काय, चार काड्यांचाही होतो. वजन असतं राखेखाली निमूट धुमसणाऱ्यांचं. पुंजक्यातही तसंच. चार तरणे तारे मिरवतात, अन् धुळीमागे म्हातारे ढिगाने बसलेले असतात. ते धगीवरूनच ओळखायचे."

"मग सांग त्याची धग!"

"आंदण तुमचं, हात तुमचाच हवा. पण ती धग येते फार लांबून, अन् तुमच्या अंगात आधीच केवढी उष्णता! तुम्ही आधी गार व्हायला हवं. अगदी गार!"

पौष महिना. चांदण्या दिसू लागल्या तेव्हा महाराज हौदात गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते, मुकुटासकट, एक हात वर करून. काठावर अख्खा दरबार शाली पांघरून.

"लागतेय का धग?" येसूने काठावरून विचारलं.

"ना-ना-नाही!"

"म्हणजे अजून गरम आहात. ओता रे दोन घागरी!"

"ला-लागली! लागली गं बाई!"

"केवढी?"

"तु-तुझ्या राखेच्या ढिगाएवढी! काढा मला!"

शेकोटीशी बसल्यावर महाराज रडकुंडीला आले. "पुंजका जडच निघाला की! आता राज्यात पोळीपुरताही गूळ उरायचा नाही!"

"का नाही उरणार?" येसू म्हणाली. "त्यांनी दिलेला पुंजका जागचा हलला का? आपण इथूनच तोलला ना? मग आपला गूळही आपल्या कोठारातच राहू द्या. व्याह्यांना कळवा, गूळ दिला! वजन बघायचं असेल तर तुमच्या हौदात गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहा अन् आमच्या कोठाराकडे हात करा. धग लागेपर्यंत बाहेर येऊ नका!"

महाराज असे हसत सुटले की अंगावरची घोंगडी शेकोटीत पडता पडता राहिली. तिथल्या तिथे त्यांनी कुंभारवाडा येसूला इनाम दिला आणि वर गुळाची एक भली मोठी ढेप.

"ही मात्र हातात घेऊन तोल गं!" महाराज म्हणाले, आणि सणसणीत शिंकले.